आपण शास्त्रज्ञ आहोत असं पहिल्यांदा नक्की कधी वाटतं?

प्रश्न वाचून आधी हसू आलं, तुमच्यावर नाही हो, स्वतःवर. कारण अगदी हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी पीएचडीचं तिसरं वर्ष काढलंय आणि तेव्हा कोणाला विचारायची हिंमत झाली नव्हती. तुम्ही लिहिलंय की तिसरं वर्ष चालू आहे, एका पेपरवर चौथं नाव आलंय, लॅबमधली कामं आता हाताला बसलीत, पण कोणी ओळख करून देताना "हे शास्त्रज्ञ आहेत" म्हटलं की चोरी पकडल्यासारखं होतं, आणि आजूबाजूचे सगळे मात्र जन्मापासूनच शास्त्रज्ञ असल्यासारखे वावरतात. म्हणून विचारलंय की बाकीच्यांना हे पहिल्यांदा कधी वाटलं, डिग्री हातात आल्यावर, पहिला पेपर छापून आल्यावर, की नोकरी लागल्यावर. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय, की गेल्या महिन्यात एका कंट्रोल सॅम्पलची (तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्याची) रीडिंग्ज विचित्र आली, गाईड म्हणाले सोडून दे, पण ती फाइल डिलीट करवली नाही, अधूनमधून उघडून बघणं होतं. त्या वाक्याकडे मी शेवटी येते.

मला वाटतं यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, ही भावना कधी येते. दुसरा, तुम्ही सरळ विचारलेला नाही पण दिसतोय, की अजून आली नाही म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी आलोय का. दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, नाही, तसा काही अर्थ निघत नाही. मी वीसेक वर्षं एन्झाइमवर (पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी प्रथिनं) काम करतेय, बरेच विद्यार्थी हाताखालून गेलेत, आणि ही भावना लवकर येणं आणि काम चांगलं असणं यांचा काही संबंध मला तरी अजून दिसलेला नाही. पहिल्याच वर्षी छाती काढून फिरणारे काही पुढे उत्तम निघाले, काही नाही निघाले. पाचव्या वर्षापर्यंत कोपऱ्यात बसून राहणाऱ्यांचंही तेच.

आता पहिला प्रश्न. इथे "ते अवलंबून आहे" म्हणावंच लागतं. तुमचा विषय कुठला, गाईड तयार प्रश्न हातात देतात की शोधायला लावतात, ग्रुपमध्ये चार माणसं आहेत की चाळीस, हे सगळं मध्ये येतं. दोन माणसांच्या लॅबमध्ये सगळं स्वतःच करावं लागतं त्यामुळे "हे माझं" असं वाटायला वेळ लागत नाही. उलट हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर २०१५ साली आलेल्या एका पेपरवर ५१५४ लेखक होते, आता त्यातल्या तीन हजाराव्या माणसाला "हा शोध मी लावला" असं कसं वाटणार? त्याची ती भावना दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीतून येते, एखादा डिटेक्टरचा तुकडा त्याने कॅलिब्रेट केलेला असतो आणि त्याचा आकडा चुकला तर सगळ्यांचा चुकेल हे त्याला माहीत असतं. कोडिंगवाल्यांचं आणखी वेगळं, फील्डवर काम करणाऱ्यांचं आणखी वेगळं. मी प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभं राहून पिपेट (द्रावण मोजून घ्यायची नळी) चालवणारी बाई, त्यामुळे माझी गोष्ट त्या जगातली आहे, तुमच्या मापात बसवून घ्या.

तर माझी गोष्ट. पीएचडीत मी एक एन्झाइम शुद्ध करून त्याची ॲक्टिव्हिटी, म्हणजे ते किती वेगाने काम करतं, मोजत होते. माझ्या आधी लॅबमध्ये एक सिनियर होती, तीच पद्धत, तोच एन्झाइम, तेच मशीन, पण माझे आकडे तिच्यापेक्षा कमीच यायचे. थोडेथोडके नाही, तिचे शंभर तर माझे साठ-पासष्ट. आणि दर वेळी तेवढेच कमी, म्हणजे डोकं फिरवणारी गोष्ट अशी की चूकसुद्धा इमानदारीत येत होती. आठ महिने मी एकच समजून चालले होते की माझा हात वाईट आहे. पिपेट बदलल्या, एन्झाइम ताजं केलं, सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) नवीन मागवलं, सिनियरच्या शेजारी उभं राहून ती कशी हलवते तेसुद्धा बघितलं. सर म्हणायचे "प्रॅक्टिस कर, होईल." मी प्रॅक्टिस करत होते.

माशी कुठे शिंकली होती ते एका संध्याकाळी अपघातानेच दिसलं. कोल्ड रूममधून बफरची (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) बाटली बाहेर आणली, पीएच मीटरचा इलेक्ट्रोड त्यात सोडला आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारली म्हणून तशीच निघून गेले. जाताना मीटरवर ८.० होतं. परत आले तर ७.८. मला वाटलं इलेक्ट्रोड गेला. धुतला, परत बुडवला, ७.७. मग मी खुर्ची ओढली आणि नुसती बसले त्याच्यासमोर. बाटलीवर बाहेरून दव जमलेलं, ते हळूहळू ओघळत होतं आणि आकडा खाली सरकत होता, ७.७, ७.६, बराच वेळ काहीच नाही, मग ७.५. तासा-दीड तासाने बाटली हाताला गार लागेनाशी झाली तेव्हा ७.४ वर जाऊन थांबला.

ज्यांना माहीत आहे ते एव्हाना हसत असतील. बफर ट्रिस नावाच्या रसायनाचा होता, आणि ट्रिसचा पीएच तापमान एक डिग्रीने वाढलं की साधारण ०.०२८ ने उतरतो. ४ डिग्रीवरून २५ डिग्रीवर आलं की २१ डिग्रीचे जवळपास ०.६. सिनियर बाहेर टेबलावर बफर बनवायची, पीएच ८ लावायची आणि मग बाटली थंडीत ठेवायची. मला बाहेरचा स्टरर कधी रिकामा मिळायचा नाही म्हणून मी कोल्ड रूममध्येच बनवायचे, तिथेच गार असताना ८ लावायचे. दोघींच्या बाटलीवर लिहिलेलं एकच, "ट्रिस, पीएच ८". पण ॲक्टिव्हिटी मोजायची २५ डिग्रीला, तेव्हा तिचा असायचा ८ आणि माझा ७.४, आणि आमच्या एन्झाइमला ७.४ अजिबात मानवत नव्हतं. (आणि हो, मीटरवर टेम्परेचर कॉम्पेन्सेशनचं बटण असतं ना, ते फक्त इलेक्ट्रोडचा हिशेब सांभाळतं, द्रावणाचा पीएच खरंच बदलत असेल तर तो बदलणारच. हे मी अजूनही दर वर्षी नव्या मुलांना सांगते आणि दर वर्षी कोणीतरी विसरतंच.)

आता तुम्ही म्हणाल की हाच तो क्षण. नाही. आकडा खाली जाताना मला फक्त भीती वाटत होती, की बापरे, आता आठ महिन्यांचं काय. तो क्षण दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सिनियरची बाटली आणि माझी बाटली अदलाबदल करून मोजायचं ठरवलं होतं, आणि मशीन चालू करायच्या आधी काय डोक्यात आलं कोण जाणे, मी नोटबुकात लिहिलं की माझं म्हणणं बरोबर असेल तर तिच्या बफरमध्ये माझ्या हातानेसुद्धा शंभरच्या आसपास आलं पाहिजे, आणि फॉस्फेटचा बफर कोल्ड रूममध्ये बनवला तर काही फरक दिसता कामा नये, कारण फॉस्फेटचा पीएच तापमानाने जेमतेम हलतो, ट्रिसच्या एक दशांश. आणि खाली लिहिलं, "फॉस्फेटमध्येही कमी आलं तर मी चूक." हे कोणी लिहायला सांगितलं नव्हतं, कोणी तपासणार नव्हतं. तिच्या बफरमध्ये ९७ आलं. फॉस्फेटमध्ये दोन्ही बाटल्यांचं सारखं आलं. सांगायची गंमत अशी, की फॉस्फेटचं रीडिंग सुरू असताना मला मनापासून वाटत होतं की हे चुकलं तर बरं, कारण चुकलं तर आठ महिने वाचतात. आणि तरीही मी रीडिंगला हात लावला नाही.

मग सरांकडे गेले आणि म्हटलं की मागच्या आठ महिन्यांची रीडिंग्ज वापरता येणार नाहीत. ते म्हणाले, "खात्री आहे?" मी नोटबुक उघडून पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ट्रिसचं हे तर सगळ्यांना माहीत असतं."

खरंच असतं. कुठल्याही बायोकेमिस्ट्रीच्या हँडबुकात बफरच्या तक्त्यात छापलेलं असतं, मी नंतर जाऊन बघितलं, मला खूप लाज वाटली. म्हणजे मी शोधलं काय, तर जगाला कित्येक दशकं माहीत असलेली गोष्ट. पेपर नाही, थीसिसमध्ये एक ओळ. पण मला विचाराल तर शास्त्रज्ञ झाल्यासारखं पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी. पुढे पहिला पेपर आला तेव्हा आनंद झाला, डिग्री मिळाली तेव्हा सुटल्यासारखं झालं, पण त्या दिवशीसारखं काही झालं नाही.

का, यावर मी नंतर बराच विचार केलाय. शाळा-कॉलेजात आपण सायन्स म्हणून जे करतो त्यात उत्तर आधीच कोणाकडे तरी असतं. लंबकाचं प्रॅक्टिकल आठवा, जी ९.८ आलाच पाहिजे, आणि आला ९.१ तर आपण काय करायचो? उलटं गणित करून रीडिंग बसवायचो आणि जर्नल सही करून घ्यायचो. मी केलंय, तुम्हीही केलं असणार, उगाच साधू बनू नका. त्या सगळ्या वर्षांत आपल्या मनात प्रश्न एकच असतो, "माझं बरोबर आलं का?" आणि हा प्रश्न कोणाकडे तरी बघून विचारलेला असतो. पीएचडीत आलं तरी सवय जात नाही, फक्त बाईंच्या जागी गाईड येतात. आठ महिने मी तेच करत होते, सिनियरचा आकडा म्हणजे बरोबर उत्तर आणि माझा म्हणजे चूक. त्या सकाळी प्रश्न बदलला, "हे खरंच असं आहे का?" झाला. यात बघायला समोर माणूस नसतो, बाटली असते. आणि एकदा हा प्रश्न पडला की मग स्वतःचं म्हणणं खोटं ठरवायचा रस्ताही स्वतःच शोधावा लागतो, दुसरं कोण शोधणार.

म्हणून मी जेव्हा म्हणते की डिग्रीचा आणि या भावनेचा फारसा संबंध नाही, तेव्हा ते धीर देण्यासाठी म्हणत नाहीये. डिग्री लोक देतात. हे दुसरं, जेव्हा उत्तर देणारं कोणी उरत नाही तेव्हा येतं.

खगोलशास्त्रज्ञ जॉसलिन बेल बर्नेलचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. १९६७ साली ती केंब्रिजमध्ये पीएचडी करत होती, आणि तिने स्वतः नंतर कित्येकदा सांगितलंय की तिथे गेल्यावर तिची खात्रीच पटली होती की यांनी मला चुकून घेतलंय, कधीतरी कळेल आणि हाकलतील. मग तिने ठरवलं की हाकलेपर्यंत इतकं कसून काम करायचं की हाकलल्यावर मनाला टोचणी नको. म्हणजे बघा, तुम्हाला जे वाटतंय तेच, पण तिने ते कामाला जुंपलं. रेडिओ टेलिस्कोपमधून रोज जवळपास १०० फूट कागद बाहेर पडायचा आणि तो ती डोळ्यांनी वाचायची, फूट फूट. त्यात कधीतरी एक खरखरीत खूण दिसायची, बोटाच्या पेराएवढीही नाही. ती शोधत होती त्या रेडिओ स्रोतांसारखी नाही, माणसाने केलेल्या गडबडीसारखीही नाही. दुसऱ्या कोणी "असेल काहीतरी" म्हणून कागद गुंडाळला असता, आणि त्यात काही गुन्हा नव्हता. तिला आठवलं की ही खूण आधीही आली होती, आकाशाच्या त्याच तुकड्यातून. मागचे कागद काढून बघितले तर ती घड्याळाच्या वेळेवर नाही, ताऱ्यांच्या वेळेवर येत होती, म्हणजे रोज सुमारे ४ मिनिटं आधी. माणूस असं वेळापत्रक पाळत नाही. (खगोलवाले सोडून!)

मग ती खूण ताणून बघायला कागद वेगाने पळवायचा म्हणून ती रोज त्या वेळेला टेलिस्कोपवर जाऊन उभी राहायची, आणि काही आठवडे काहीच आलं नाही. एक दिवस एका लेक्चरला गेली म्हणून चुकवलं तर नेमकी त्या दिवशी खूण येऊन गेलेली. हे वाचताना मला दर वेळी हायसं वाटतं, इतक्या मोठ्या शोधातसुद्धा असलं काहीतरी होतंच. नोव्हेंबरच्या शेवटी ठोके दिसले, सव्वा सेकंदाहून जरा जास्त अंतराने, अगदी घड्याळासारखे. तो पहिला पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठरावीक अंतराने रेडिओ लहरी फेकणारा तारा. तिच्या गाईडची पहिली प्रतिक्रिया होती की मग हे माणसानेच केलेलं असणार. आणि पुढे डिसेंबरमध्ये तिलाच आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच दुसरा सापडला, तेव्हा तो प्रश्न मिटला. १९७४ चं नोबेल गाईडला आणि आणखी एकाला मिळालं, तिला नाही, ती वेगळीच चर्चा आहे, त्यात आज शिरत नाही.

सगळ्यांना हे असं शंकेतूनच येतं असं मात्र नाही, काहींना निव्वळ आनंदातून येतं. डार्विन बीगल जहाजावर निघाला तेव्हा २२ वर्षांचा होता, १८३२ च्या जानेवारीत केप व्हर्देच्या एका बेटावर लाव्हाच्या कड्याखाली बसलेला असताना त्याला पहिल्यांदा सुचलं की या सगळ्या प्रदेशांच्या भूगर्भावर आपण पुस्तक लिहू शकू. म्हातारपणी आठवणी लिहिताना त्याला तो कडा, ते कडक ऊन, पायाशी डबक्यातली जिवंत प्रवाळं सगळं लख्ख आठवत होतं. आणि मजा ही की तेव्हा इंग्रजीत सायंटिस्ट हा शब्दच नव्हता! तो शब्द विल्यम ह्यूएलने १८३३ मध्ये सुचवला, आर्टिस्टच्या धर्तीवर, छापून आला १८३४ मध्ये, आणि पुढेही बरीच वर्षं कित्येकांना तो आवडत नव्हता. (ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्दही याच गृहस्थाने फॅरडेला सुचवले, नावं ठेवण्यात पटाईत माणूस.) म्हणजे डार्विनला जे वाटलं ते कुठल्या बिल्ल्यामुळे नाही, तो बिल्ला अजून बनायचाच होता.

आपल्याकडच्या शब्दाने तर घोळ आणखी वाढवलाय असं माझं मत आहे. शास्त्रज्ञ म्हणजे शास्त्र जाणणारा. आता जो दिवसभर "मला हे कळत नाहीये" या अवस्थेत बसलेला असतो त्याला "जाणणारा" म्हटलं की तो चपापणारच, तुम्ही चपापता यात नवल काय. मला स्वतःला संशोधक जास्त जवळचा वाटतो. आणि त्यातला शोध म्हणजे नुसतं धुंडाळणं नाही बरं का, मूळ धातू शुध्, शुद्ध करणं. हिंदीत घटनादुरुस्तीला संविधान संशोधन म्हणतात ते त्याच अर्थाने. म्हणजे संशोधक हा दुरुस्ती करणारा, गाळ काढणारा. तुम्हाला उद्या कोणी शास्त्रज्ञ म्हटलं आणि कसंतरी झालं तर मनात संशोधक म्हणून बघा, तेवढं जड वाटत नाही.

आता दुसरी बाजू, कारण वरचं सगळं वाचून वाटेल की हे सगळं एकट्याने मनातल्या मनात होतं. तसं नाही. कार्लोन आणि जॉन्सन या दोघींनी २००७ मध्ये यावर काम केलं होतं, त्यांचं म्हणणं साधारण असं की विज्ञानातली ओळख तीन गोष्टींवर उभी असते, विषय येणं, तो चारचौघांत करून दाखवता येणं, आणि दुसऱ्यांनी तुम्हाला त्यातलं मानणं. आता पहिल्या दोन मेहनतीने जमतात, तिसरी आपल्या हातात नसते आणि ती सगळ्यांना सारखी वाटलेली नसते. मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगायची एक जुनी चाचणी आहे, चेंबर्सने १९८३ मध्ये छापलेली, त्यात ४८०७ मुलांच्या चित्रांत बाई शास्त्रज्ञ निघाल्या फक्त २८, आणि त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या. डोक्यात हे चित्र घेऊन मोठं झालेल्याला आरशात शास्त्रज्ञ दिसायला वेळ लागतो, त्यात त्या माणसाचा दोष नाही.

सी. व्ही. रामन १९०७ पासून दहा वर्षं, बहुतेक काळ कलकत्त्यात, सरकारी हिशेब खात्यात नोकरी करत होते आणि तिथे नोकरीच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत जाऊन काम करायचे, म्हणजे पदावर शास्त्रज्ञ नसताना शास्त्रज्ञ असणं काय असतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि त्याच रामननी १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत (पुढे कमला सोहोनी, दुर्गाबाईंची धाकटी बहीण) यांना आधी प्रवेश नाकारला, का तर मुलगी, आणि मग घेतलं ते वर्षभर तपासून बघू या अटीवर. पुढे त्यांनी केंब्रिजमधून पीएचडी केली, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी वर. मला यातून एवढंच सांगायचंय की समोरच्याने तुम्हाला मानलं नाही तर त्यातून बहुतेकदा समोरच्याबद्दलच कळतं. पण ते रोज झेलावं लागतं तेव्हा पोटात गोळा येतोच, आणि "आत्मविश्वास वाढवा" सांगून तो जात नाही. क्लान्स आणि आयम्स यांनी १९७८ मध्ये इम्पोस्टरवाली (आपण लायक नाही, कधीतरी पकडले जाऊ असं वाटत राहण्याची) कल्पना मांडली तेव्हापासून सगळं खापर माणसाच्या मनावर फोडायची सोय झालीय. तुमच्या लॅबमध्ये प्रश्न विचारला की लोक हसत असतील तर रोग तुमच्यात नाही, लॅबमध्ये आहे, हेही एकदा तपासा.

मला स्वतःला ती तिसरी गोष्ट, म्हणजे दुसऱ्याने मानणं, मिळाली ती एका अनोळखी माणसाच्या ईमेलने. दुसऱ्या देशातला कोणी विद्यार्थी, त्याने विचारलं होतं की तुमच्या पद्धतीत तिसऱ्या पायरीला एन्झाइम गोठतं का, माझं गोठतंय. ना नमस्कार ना कौतुक. मला कोण आनंद झाला! कारण तो मला मानतो की नाही हा प्रश्नच नव्हता, त्याचं एन्झाइम गोठत होतं आणि ते मला माहीत असेल असं त्याने गृहीतच धरलं होतं.

आणि एक अप्रिय गोष्ट सांगून टाकते, ही भावना आली की कायमची राहते असं नाही. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा एखादा रिपोर्ट येतो आणि दोन आठवडे मी परत पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होते. मध्ये मी विषय थोडा बदलला, स्ट्रक्चरच्या कामात शिरले, तेव्हा विशी-बाविशीतली पोरं जे भराभर बोलायची ते ऐकून मीटिंगमध्ये मान हलवत बसायचे आणि रात्री घरी जाऊन शब्द शोधायचे. फरक इतकाच पडलाय की आता ती गेली तर मी घाबरत नाही, सर्दीसारखं झालंय, येते-जाते.

काय करायचं असं तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते, पटलं तर घ्या. प्रयोग सुरू करायच्या आधी नोटबुकात एक ओळ लिहायची सवय लावा, काय येईल असं वाटतं आणि काय आलं तर मी चूक. कोडवाल्यांनी कोड चालवण्याआधी लिहावी. महिनाभर लिहा, बघा काय होतं. माझ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला हा वैताग वाटतो, मग एखाद्या दिवशी ती ओळ खोटी ठरते आणि कोणीतरी धावत माझ्या खोलीत येतं, आणि तेव्हा त्यांचा चेहरा असा असतो की मला वेगळं काही सांगावं लागत नाही. दुसरं, शक्य असेल तर कामातला एखादा छोटासा प्रश्न पूर्ण तुमचा असू द्या, गाईडला सांगून, चोरून नाही, आठवड्यातली एखादी दुपार त्याला द्या. अगदी फुटकळ चालेल. माझा ट्रिसचा प्रश्न किती फुटकळ होता तुम्ही बघितलंच. आणि लॅबमधल्या दुसऱ्या कोणाचा कच्चा डेटा मागून बघत जा, ग्राफ नाही, कच्चा. लोकांचे गुळगुळीत ग्राफ बघून आपण स्वतःच्या गचाळ आकड्यांशी तुलना करत बसतो आणि वाटतं सगळे शास्त्रज्ञ, मीच तेवढा भामटा. त्यांचे आकडेही तसेच गचाळ असतात.

आता ती फाइल. गाईड म्हणाले सोडून दे, आणि कदाचित ते बरोबरही असतील, विचित्र रीडिंग्जपैकी बहुतेक खरंच कचरा असतो, पिपेटच्या टोकाला बुडबुडा, कोणीतरी ट्यूबवर चुकीचा नंबर टाकलेला, असलंच काही. पण तुम्ही ती डिलीट केली नाहीत आणि उघडून बघताय, त्या अर्थी तुमच्या डोक्यात काहीतरी खटकतंय जे तुम्ही अजून शब्दांत मांडलेलं नाही. ते आधी मांडा. एका कागदावर लिहा की हा कचरा असेल तर परत केल्यावर काय दिसेल आणि कचरा नसेल तर काय दिसेल. मग तेच कंट्रोल तीन वेगवेगळ्या दिवशी करा, नव्या बाटलीतून, आणि त्यातल्या एका दिवशी ट्यूबचे नंबर दुसऱ्या कोणाला टाकायला सांगा म्हणजे तुम्हाला माहीत नसेल कंट्रोल कुठलं. तापमान लिहून ठेवा, प्लीज. आणि काय आलं ते इथे येऊन सांगा, कचरा निघाला तरी.